साल मोडल्याचा बोल

गेल्या महिन्यात पूर्णेला तरुणांसाठी नोकरी-मार्गदर्शनाचा कार्यक्रम झाला. आमच्या चुडाव्याची दहा-बारा पोरं निघाली, त्यांच्यासोबत मीही गेलो. मुख्य वक्ते तासभर बोलले, सभागृहाने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत, म्हणून हे लिहायला बसलो.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. आजच्या पोरांना सोसत नाही. नवी नोकरी लागून महिना होत नाही तोच ‘मन रमत नाही’ म्हणून बॅग उचलून घरी येतात. नोकरी कोणतीही असो, दोन वर्षं जागचं हलायचं नाही. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. कागदावर दोन-तीन महिन्यांची नोकरी दिसली की पुढचा मालक दारातही उभा करत नाही. आईबापांनी कर्ज काढून शिकवलं, त्यांना मान खाली घालायला लावू नका. आणि शेवटी टाळ्यांचं वाक्य: ‘आपल्या मराठवाड्यात साल मोडणाऱ्याला कोणी जवळ करत नाही.’

किरकोळ मुद्दे आधी उरकतो. टाकीचे घाव दगड सोसतो, कारण टाकी कोणाच्या हातात आहे हे त्याला विचारता येत नाही. माणसाला येतं. तीन महिन्यांची नोकरी कागदावर दिसते हे खरं, पण ती का सोडली याचं सरळ उत्तर देणारा उमेदवार वाया जातो, असं मला तरी दिसलेलं नाही. आणि आईबापांचं म्हणाल तर लेकराने रोज मनात कुढत पगार पाठवावा म्हणून कोणत्या बापाने कर्ज काढलं?

आता सालाकडे वळतो, कारण त्या शब्दाने मला खरा राग आला.

साल कसं ठरतं ते वक्त्यांनी पाहिलेलं दिसत नाही. माझे आजोबा सालगडी होते, त्यामुळे मी ते ऐकत वाढलो. पाडव्याला मालकाच्या ओसरीवर बसायचं, दोन माणसं साक्षीला. ज्वारी इतक्या पायल्या, रोख इतकी, एक जोडा, एक घोंगडं. बोली ठरली की उचल हातात पडायची. त्या उचलीतून घरातलं आधीचं देणं फिटायचं, एखाद्या लेकीचं लग्न व्हायचं. म्हणजे गड्याने काम करायच्या आधी मालकाने पैसा दिलेला असायचा. शिवाय शेतीचं चक्र पाडव्यापासून पाडव्यापर्यंत फिरतं. ऐन खुरपणीत गडी निघून गेला तर मालकाला दुसरा मिळत नाही, पीक तणात जातं. म्हणून साल मोडणाऱ्याला बोल लागायचा. त्या बोलाला कारण होतं. आणि तो बोल दोन्ही बाजूंना होता. मालकाने विनाकारण मध्येच गडी काढला तर गावात त्याच्याही नावाने बोटं मोडली जायची.

आता हे माप आजच्या नोकरीला लावून बघा. पोराच्या हातातल्या नेमणूकपत्रात काय असतं? सहा महिने परिवीक्षा, म्हणजे प्रोबेशन. त्या काळात कारण न देता, थोड्या दिवसांच्या नोटिशीवर कंपनी त्याला काढू शकते. उचल नाही. उलट पोरगं महिनाभर आधी राबतं आणि पगार महिना संपल्यावर हातात येतो. सालात मालक आधी देतो आणि गडी नंतर फेडतो. नोकरीत गडी आधी देतो आणि मालक नंतर फेडतो. मग उपकाराखाली कोण कोणाच्या आहे? सभागृहातल्या कोणीही हे विचारलं नाही, आणि मीही तेव्हा उठून विचारलं नाही, याची मला आजही खंत आहे.

परिवीक्षा ही काही कंपनीची मेहरबानी नव्हे. 1946 च्या औद्योगिक रोजगार स्थायी आदेश कायद्याखाली केंद्राने जे नमुना आदेश केले, त्यांत परिवीक्षेवरचा कामगार म्हणजे कायम जागेवर तात्पुरता घेतलेला आणि तीन महिने न भरलेला, अशी व्याख्या होती. तीन महिने, दोन वर्षं नव्हेत. परिवीक्षा म्हणजे पारख. आणि पारख एकाच बाजूने होत नाही. बैल घेणारा दात बघतो, तसा विकणाराही घेणाऱ्याचं घर बघतो. कंपनीने पाचव्या महिन्यात ‘जमत नाही’ म्हटलं तर तो व्यवहार, आणि पोराने तिसऱ्या महिन्यात तेच म्हटलं तर साल मोडलं? हा न्याय कुठल्या ओसरीवरचा?

बाँडचा मुद्दा वक्त्यांनी काढला नाही, पण मी टाळणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2025 रोजी विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. म्हणून सही करण्याआधी कागद वाचा, हे मी पोरांना घसा फोडून सांगतो. पण त्या निकालातही नोकर बँकेला जखडला गेला नाही. त्याने पैसे भरले होते आणि तो दुसऱ्या बँकेत गेला होता. कोणाला जबरदस्तीने कामावर ठेवा, असा हुकूम आपली न्यायालयं देत नाहीत. म्हणजे ओसरीवरचा जुनाच नियम झाला: उचल फेडली की गडी मोकळा.

आणि आजोबांनीही एकदा साल मोडलं होतं. मालकाने रात्री शेजाऱ्याचा बांध कोरायला सांगितला. आजोबा म्हणाले, नांगर धरीन, कुदळ धरणार नाही. माघ चालू होता, पाडवा दोन महिन्यांवर. दोन शेळ्या विकून त्यांनी उचलीतले उरलेले पैसे परत केले आणि घोंगडंही ओसरीवर घडी करून ठेवलं. पुढच्या पाडव्याला ते दुसऱ्या घरी लागले आणि तिथे अकरा सालं राहिले. त्यांना कोणी जवळ केलं नाही, असं मी तरी ऐकलं नाही.

       

‘थोर माणसं सोसून मोठी झाली’ असंही त्या भाषणात होतं. मग बाबासाहेबांचं बडोदं आठवा. संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियात शिकले होते, दहा वर्षं संस्थानची चाकरी करण्याचा करार होता. याहून मोठी उचल कोणती? 1917 च्या सप्टेंबरात ते नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा कोणी देईना, म्हणून पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीत निघताना डझनभर माणसं काठ्या घेऊन दारात उभी राहिली. संध्याकाळपर्यंत खोली सोडावी लागली. कमाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. 1918 च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. आमच्या पोरांच्या अडचणींची त्या अपमानाशी बरोबरी करायची नाही, ते पाप होईल. पण करार केला म्हणून वाटेल ते सोसत बसावं, हा धडा त्या आयुष्यातून निघत नाही, एवढं मी ठासून सांगतो.

हे सगळं मला इतकं का लागलं, तेही सांगतो. माझा पुतण्या कृषी पदवीधर. ‘शेतकरी सल्लागार’ म्हणून नोकरी लागली, पेढे वाटले. प्रत्यक्षात काम निघालं बचत गटाच्या बायकांकडून हप्ते वसुलीचं. अकरा आठवड्यांनी तो संध्याकाळच्या पॅसेंजरने चुडाव्याला उतरला. जेवला नाही. अंगणात बाजेवर बसून म्हणाला, ‘काका, काल एका घराच्या उंबऱ्यावर रात्री आठपर्यंत बसवलं मला. साहेब फोनवर म्हणत होते, पैसे घेतल्याशिवाय उठायचं नाही. त्या बाईची लहान पोरगी दोनदा पाणी घेऊन आली. दुसऱ्यांदा मला तांब्या धरवेना.’

रिझर्व्ह बँकेने 14 मार्च 2022 ला निर्देश काढले. अशा कर्जाची वसुली आधी ठरलेल्या जागी करायची. कर्जदार तिथे लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा आला नाही तरच कर्मचाऱ्याने घरी किंवा कामाच्या जागी जायचं. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर नुसता फोन करणंही जाचात मोडतं. म्हणजे त्या रात्री उंबऱ्यावर बसवून पोराकडून जे करून घेतलं, ते नियमात बसणारं नव्हतंच. यावर ‘दोन वर्षं हलू नको’ हा सल्ला कोणी द्यावा आणि कोणत्या तोंडाने?

मग सोडावं कधी? माझ्याकडे मोठा सिद्धान्त नाही. मी पोरांना एवढंच सांगतो की अवघड आणि चुकीचं यांत फरक करा. नवी जागा, खोलीवरचं जेवण, रागीट साहेब, न येणारं संगणकाचं काम हे अवघड आहे. ते दिवसागणिक सोपं होतं, तिथून पळू नका. पण सांगितलेलं काम एक आणि करवून घेतलेलं दुसरं असेल, किंवा घरी सांगायची लाज वाटेल असं काही रोज करावं लागत असेल, तर ते सवयीने सोपं होईल आणि भीती त्याचीच आहे. आधी साहेबाला लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर लेखी राजीनामा द्या, नोटिशीचे दिवस इमानाने भरा, मूळ प्रमाणपत्रं आणि अनुभवपत्र हातात घ्या. भविष्यनिर्वाह निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक (यूएएन) तोच राहतो, तो जपून ठेवा. दोन महिन्यांचा खर्च बाजूला नसेल तर घरात बसून आधी तो हिशोब करा.

पुतण्याने तसंच केलं. साहेबाला लिहिलं, उत्तर आलं नाही, मग राजीनामा पाठवला. आता तो नोटिशीचा महिना भरायला परत गेलाय. संध्याकाळी सहानंतर कोणाच्या उंबऱ्यावर बसणार नाही, असं त्याने कळवून टाकलंय. दुसरी नोकरी अजून मिळालेली नाही. त्याची आई काळजीत आहे, मीही आहे. पण तो गाडीत बसला तेव्हा मी त्याला आजोबांच्या घोंगड्याची गोष्ट सांगितली. ती त्याने पहिल्यांदाच ऐकली.