ओळख, आस्था आणि वन्यजीव

बँकेत खाते उघडताना प्रथम ओळख विचारली जाते. ओळखीवाचून व्यवहार नाही आणि व्यवहारावाचून विश्वास नाही. माणूस आणि वन्यप्राणी यांच्या नात्यालाही हाच नियम लागू पडतो. जो प्राणी कधी पाहिलाच नाही, त्याच्या रक्षणासाठी खिशात हात घालणारे विरळाच. प्राणिसंग्रहालयाचे खरे महत्त्व या पहिल्या ओळखीत आहे.

मात्र केवळ ओळख पुरेशी ठरत नाही, हे जयपूरच्या अनुभवावरून दिसते. तेथील रामनिवास बागेत १८७७ साली प्राणिसंग्रहालय सुरू झाले. अनेक पिढ्यांनी वाघ पाहिला तो तेथील गजांआड. तरीही जयपूरहून दोन-तीन तासांच्या अंतरावर असलेल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात शिकाऱ्यांनी वाघ संपवले आणि २००५ साली तेथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. सव्वाशे वर्षे वाघ पाहणाऱ्या शहराच्या उंबरठ्यावरील अरण्य वाघाविना ओस पडले. अखेर जून २००८ मध्ये रणथंबोरहून हेलिकॉप्टरने वाघ आणून सरिस्कात नव्याने आरंभ करावा लागला.

याचे एक कारण पाहण्याच्या रीतीत असावे. अरुंद पिंजऱ्यात येरझारा घालणारा वाघ पाहून कीव येते किंवा करमणूक होते. आदर क्वचितच वाटतो. २०१६ साली दिल्ली मार्गावर नाहरगड जैविक उद्यान खुले झाले आणि सिंह, वाघ, बिबटे तेथील प्रशस्त आवारात हलवण्यात आले. झाडीतून वाघ दिसण्याची वाट पाहणाऱ्या मुलाला वाघाबरोबर त्याचे रानही दिसते. वाघ वाचवायचा तर रान वाचवावे लागेल, हा धडा त्याला वेगळा द्यावा लागत नाही.

प्राणिसंग्रहालयाच्या भेटीने लोकांची वृत्ती बदलते, असा निष्कर्ष अमेरिकेतील एका अभ्यासाने २००७ मध्ये काढला. २०१० मध्ये अन्य संशोधकांनी त्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतले. वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. भेटीत उमललेली आस्था घरी पोहोचेपर्यंत कोमेजू द्यायची नसेल, तर तिला तेथल्या तेथे वाट करून द्यावी लागते. म्हैसूरचे प्राणिसंग्रहालय आणि बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान येथील प्राणी दत्तक योजना ही अशीच वाट आहे. ठरावीक रक्कम भरून एखाद्या प्राण्याच्या पालनपोषणाचा भार उचलणारा नागरिक प्रेक्षक राहत नाही, पालक होतो.

ज्याला एवढी रक्कम शक्य नाही, त्यालाही वाटा उचलता येतो. संग्रहालयातील प्राण्यांना चिडवणे वा खाऊ घालणे वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. हा नियम मुलांना तेथेच समजावून सांगणारे आई-वडीलही संवर्धनाचे कार्यच करीत असतात.

प्रवेशाचे तिकीट ही आरंभीची ठेव होय. खाते उघडून विसरून गेल्यास त्याचा उपयोग कोणालाच होत नाही. त्यात थोडी थोडी भर पडत राहिली, तरच पुढच्या पिढीच्या हाती काही लागते. सरिस्काने दिलेला हा इशारा प्रत्येक शहराने ध्यानी ठेवावा.