नुसता ‘९२’ लिहून रुग्ण पाठवू नका



माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडची यात्रा भरते. शेजारच्या राज्यांतूनही गोंड भाविक येतात, दरेकसा-धनेगावकडून गुहेपर्यंत चढतात. दिवस थंडीचे आणि गर्दी दाटीची. खोकला-तापाच्या विषाणूंना आणखी काय हवे? अशा ठिकाणी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर हवाच. माझा आक्षेप यंत्राला नाही, चिठ्ठीला आहे. रुग्ण पुढे पाठवताना ‘ऑक्सिजन ९२’ एवढेच खरडायची कोरोनात लागलेली सवय मोडली पाहिजे.

२०२०च्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या आणि ९४ चा आकडा घरोघरी पाठ झाला. धडधाकट दिसणाऱ्याचाही ऑक्सिजन घसरलेला असू शकतो, हे तेव्हा कळले. पण तो उंबरठा साध्या हवेवरचा. ऑक्सिजनची नळी लावली की आकड्याचा अर्थच पालटतो.

साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के. ९२ ला ०.२१ ने भागा, ४३८ येतात. तोच ९२ मास्कमधून साधारण ६० टक्के ऑक्सिजन देऊन मिळाला असेल, तर उरतात १५३. चिठ्ठीवर दोघे सारखेच, प्रत्यक्षात दुसऱ्याचे फुप्फुस पार थकलेले. धमनीतल्या रक्ताची तपासणी जिथे होत नाही तिथे हेच गुणोत्तर, ३१५ किंवा कमी, एआरडीएसच्या (फुप्फुसे अचानक निकामी होण्याच्या गंभीर अवस्थेच्या) २०२३च्या जागतिक व्याख्येने निकषांत घेतले आहे. (ऑक्सिमीटर ९७ च्या वर दाखवत असेल तर मात्र हे गणित लागू नाही.)

या गुणोत्तरालाच मिनिटाच्या श्वासांनी भागले की बार्सिलोनाच्या ओरिओल रोका यांचा रॉक्स निर्देशांक मिळतो. हाय-फ्लो ऑक्सिजनवरचा न्यूमोनियाचा रुग्ण तग धरेल की व्हेंटिलेटर लागेल, याचा अंदाज त्यावरून बांधतात, ४.८८ च्या वर असेल तर धोका कमी. आपल्या १५३ वाल्याचे श्वास ३६ असतील, तर जेमतेम सव्वाचार. यात्रेतल्या आरोग्य तंबूत त्यावरून निकाल लावू नये, ते मोजमाप त्यासाठी नाही. पण श्वास मोजायला घड्याळ पुरते!

‘गर्दीत एवढे कोण लिहिणार?’ असे म्हटले जाईल. भागाकार गोंदियाच्या रुग्णालयात होऊ दे; तंबूत फक्त किती लिटर ऑक्सिजन चालू आहे आणि श्वास किती, हे टिपा. गार बोट चोळून ऊब आणा, आकडा स्थिरावू द्या, मगच लिहा.

आपल्याकडे आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. पहिली त्वचेचा रंग. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतली पातळी ८८ च्या खाली असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के, गोऱ्यांत ३.६ टक्के आढळले. सावळ्या बोटावरच्या ९३ वर म्हणूनच निर्धास्त राहू नये. दुसरी सिकलसेल हा रक्तविकार. त्या रुग्णाचा आकडा एरवीही कमी असू शकतो, तेव्हा बरा असतानाचा आकडा त्याच्या कार्डावर नोंदलेला हवा.

जिल्हा आरोग्य विभागाने पुढच्या माघी यात्रेआधी संदर्भचिठ्ठीसाठी एक शिक्का करून घ्यावा: ऑक्सिजन पातळी, किती लिटरवर, श्वास मिनिटाला, सिकलसेल आहे/नाही, वेळ. यातली एकही जागा रिकामी असेल तर रुग्णवाहिका निघण्याआधी ती भरून घ्यावी.

एक वाचक, सालेकसा (जि. गोंदिया)