संगणक घेताना : महागडा प्रोसेसर हवाच का?



सोयाबीनची पट्टी हातात पडली की घरोघरी खरेदीचे बेत सुरू होतात. परवा एक शेतकरी दुकानदाराचा कागद घेऊन माझ्याकडे आले. मुलगी बी. कॉम.ला; तिला संगणक घ्यायचा. कागदावर दोन भाव होते. एक ‘आय थ्री’ प्रोसेसरचा, दुसरा ‘आय सेव्हन’चा. दुसरा अठरा हजारांनी जास्त. “साहेब, पोरीला कमी पडायला नको. महागाचाच घेऊ ना?”

प्रोसेसर म्हणजे विहिरीवरची मोटार समजा. झरा तीन एचपीपुरता असताना साडेसातची मोटार बसवली, तर अर्ध्या तासात विहीर तळ गाठते. संगणकाचा झरा म्हणजे त्याची रॅम आणि साठवणीची डिस्क. चार जीबी रॅम आणि जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क असेल, तर आय सेव्हनही अडखळत चालतो. उलट आय थ्रीला सोळा जीबी रॅम (निदान आठ तरी) आणि एसएसडी डिस्क दिली, की हिशेब, पत्रे, ऑनलाइन तास, सातबारा पाहणे ही कामे विनासायास होतात. चित्रफितींचे संपादन किंवा इमारतींचे मोठे आराखडे करायचे असतील, तर मात्र जादा पैसा वसूल होतो.

नुसत्या ‘सेव्हन’ या आकड्यावरही जाऊ नका, पिढी विचारा. 2017 सालचा आय सेव्हन 7700 आणि 2022 सालचा आय थ्री 12100, दोघांतही चारच कोर. पण वेगात नवा आय थ्री सरस. शिवाय विंडोज 11 साठी मायक्रोसॉफ्टने ठरवलेल्या यादीत तो जुना आय सेव्हन नाही, आणि विंडोज 10 चा नेहमीचा आधार ऑक्टोबर 2025 मध्ये संपला. जुना माल स्वस्तात मिळतो तो अशा कारणांनी.

मी स्वतः सात वर्षांपूर्वी महागडा घेतला होता. त्यावर आजवर अहवाल आणि पत्रेच लिहिली!

मुलीचे काम नेमके काय, हे त्या गृहस्थांना सांगता येईना. म्हणून तिलाच फोन लावला. “टॅली आणि एक्सेल,” ती म्हणाली. “मोठा मी मागितलाच नव्हता, काका. बाबाच म्हणाले.”

गृहस्थ हसले. कागद उलटा करून म्हणाले, “रॅमचं आणि त्या डिस्कचं इथं लिहून द्या. उरतील त्यात हरभऱ्याचं बियाणं बघतो.”