अर्धे पान तुमच्यासाठी

गेल्या पावसाळ्यात एक पाकीट घेऊन मी टपाल कार्यालयात गेलो होतो. खिडकीमागच्या मुलीने ते काट्यावर ठेवले आणि विचारले, "काका, आत काय आहे?"

"पुस्तक."

"मग ज्ञान पोस्टमध्ये स्वस्तात जाईल. दाखवा बघू."

मी पुस्तक बाहेर काढले. तिने वरचे पुठ्ठे धरले आणि पेटीच्या भात्यासारख्या घड्या उलगडत ते टेबलाच्या कडेपर्यंत गेले. तिने मागून-पुढून पाहिले. "यावर प्रकाशकाचं नाव कुठंय? छापखान्याचं?"

"नाही. आम्ही दोघांनी हातानं केलंय."

तिने घड्या नीट मिटून पुस्तक परत दिले. "छान आहे हो. पण नियमात बसत नाही." शेवटी ते स्पीड पोस्टने रवाना झाले.

त्या मुलीचा यात काही दोष नव्हता. १ मे २०२५ रोजी सुरू झालेल्या ज्ञान पोस्ट योजनेत ३०० ग्रॅमपर्यंतचे पुस्तक २० रुपये अधिक कर इतक्या दरात जाते. योजना चांगलीच आहे. मात्र मजकूर छापील हवा आणि मुद्रकाचे वा प्रकाशकाचे नाव त्यावर हवे. आमच्या पुस्तकाची जगात एकच प्रत, आणि तीही अपुरी. तरी घरी परतताना मनात येत राहिले की, ज्याला प्रकाशक नाही ते पुस्तकच नव्हे काय?

हे पुस्तक म्हणजे काय ते आधी सांगायला हवे. माझा एक जुना मित्र शाळेत चित्रकला शिकवायचा. निवृत्तीनंतर तो कोकणातल्या आपल्या गावी गेला. तिथून एकदा त्याने कार्डपेपरची लांब पट्टी सोळा घड्या घालून पाठवली. पहिल्याच घडीवर दोन विजेचे खांब आणि मधून जाणारी एक तार. बाकी सगळे कोरे. सोबत चिठ्ठी, ‘अर्धे पान तुझे.’ मी ते आठवडाभर समोर ठेवून पाहत बसलो. मग लक्षात आले की ती तार म्हणजे आपली शिरोरेषाच आहे. मी तिच्याखाली ‘वाट’ हा शब्द टांगला, वाळत घातलेल्या सदऱ्यासारखा. पुढच्या खेपेस पट्टी परत आली, तेव्हा दुसऱ्या घडीवर त्या शब्दाचा काना उडून कावळा झाला होता आणि तारेवर बसला होता. उरला होता ‘वट’. त्याच्या पारंब्या मी पुढच्या घडीवर उतरवल्या. अशी ती पट्टी वर्षानुवर्षे जात-येत राहिली.

आम्हाला वाटायचे, हे आमचेच खूळ. पुढे वाचनात आले की, या खुळाची एक मोठी जागतिक बिरादरी आहे. तिचा आद्यपुरुष म्हणून अमेरिकेतल्या रे जॉन्सनचे (१९२७–१९९५) नाव घेतले जाते. तो चित्रे, कात्रणे, अक्षरांचे खेळ पाकिटात घालून ओळखी-अनोळखी लोकांना पाठवी आणि खाली सूचना लिही की, यात भर घाला आणि परत पाठवा. या उद्योगाला १९६२ मध्ये ‘न्यूयॉर्क करस्पॉन्डन्स स्कूल’ असे नाव मिळाले. जॉन्सनने त्या इंग्रजी शब्दातले एक अक्षर असे बदलले की शेवटी ‘डान्स’ निघावा. पत्रव्यवहारात त्याने नाच घुसवला! १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात या टपालाचे प्रदर्शन भरले.

हळूहळू या टपाल-कलेचे काही अलिखित संकेत ठरून गेले. परीक्षक नाही, प्रवेशशुल्क नाही, आलेले काम परत मिळणार नाही. पण जे येईल ते सगळे मांडले जाईल आणि भाग घेणाऱ्या प्रत्येकाला सर्वांची यादी मिळेल. पुस्तके आणि नियतकालिकेही याच पद्धतीने निघू लागली. रिचर्ड कोस्टेलानेट्झ याने १९७० मध्ये न्यूयॉर्कहून सुरू केलेल्या ‘असेम्ब्लिंग’मध्ये लेखक-कलावंतांनी स्वतःची चारपर्यंत पाने स्वतःच छापायची आणि त्यांच्या हजार प्रती पाठवायच्या असत. संपादकाने त्या फक्त एकत्र बांधायच्या. नकाराचे पत्र कुणाला नाही.

यातून बरेच फोलपटही निघते, हे कबूल केले पाहिजे. जिथे चाळणीच नाही तिथे खडे येणारच. पण कुणाला काय पाठवावेसे वाटले, याची इतकी निखळ नोंद चाळणी लावलेल्या ठिकाणी सापडत नाही. शिवाय जिथे चाळणी सरकारच्या हाती होती, तिथे या बिनचाळणीच्या कलेने जे केले ते पाहिले की तिच्याकडे निव्वळ छंद म्हणून बघवत नाही.

चिलीचा गिलेर्मो डाइस्लर हा ग्राफिक कलावंत आणि दृश्य-कवी. दृश्य-कविता म्हणजे अक्षरे वाचण्यासाठी असतात तितकीच पाहण्यासाठीही असतात अशी कविता. १९७३ मध्ये चिलीत लष्कराने सत्ता बळकावली, डाइस्लरला कैद झाली आणि पुढे देश सोडावा लागला. बल्गेरियातून तो पूर्व जर्मनीतल्या हाले शहरात पोचला. देश गेला, भाषा गेली, वाचक गेले. उरला टपालाचा पत्ता. १९८७ पासून त्याने त्या पत्त्यावरून दृश्य-कवितेचे एक नियतकालिक काढले. देशोदेशीचे कवी आपापल्या पानांच्या प्रती धाडत आणि तो त्यांचे संच करून पुन्हा सर्वांना पाठवी. १९९५ मध्ये तो हालेतच वारला. निर्वासिताला इतके मोठे घर दुसऱ्या कुठल्या साधनाने बांधता आले असते, मला ठाऊक नाही.

त्याच पूर्व जर्मनीत, बर्लिनमध्ये, रूथ वोल्फ-रेफेल्ट नावाची बाई कचेरीत काम करायची. तिच्याजवळ एक टंकलेखन यंत्र आणि कार्बन पेपर. त्या यंत्रावर तिने अक्षरे आणि विरामचिन्हे यांच्या लाटा, पिंजरे, मनोरे रचले आणि कार्बनच्या प्रती जगभर पाठवल्या. सीमेपलीकडे जायची मुभा तिला नव्हती, तिच्या स्वल्पविरामांना होती. भिंत पडल्यानंतर तिने हे काम थांबवले. २०१७ मध्ये डॉक्युमेंटा या नामांकित प्रदर्शनात ते मांडले गेले. २०२४ मध्ये ती वारली.

राज्यकर्त्यांनाही या पाकिटांचे वजन कळत होते. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात १९७६ मध्ये पाउलो ब्रुस्की आणि डॅनिएल सांतियागो यांनी टपाल-कलेचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरवले, तेही टपाल खात्याच्याच इमारतीत. उद्घाटन होते न होते तोच पोलिसांनी ते बंद पाडले आणि दोघांना पकडून नेले. उरुग्वेमध्ये १९७७ मध्ये क्लेमेंते पादिन आणि होर्हे काराबायो हे टपाल-कलावंत लष्कराची अप्रतिष्ठा केल्याच्या आरोपाखाली तुरुंगात गेले. तेव्हा देशोदेशीच्या कलावंतांनी पत्रांचा मारा केला. पादिन दोन वर्षांहून अधिक काळ आत होता. काराबायो आणि त्याचे हत्यार एकच होते, तिकीट लावलेला कागद.

आपल्याला हे सारे अगदी परके वाटायचे कारण नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यावर मुंबईत ‘शब्द’ सायक्लोस्टाइलवर निघाले, आणि पुढे लघुनियतकालिकांची जी लाट आली तिने प्रकाशकाची वाट पाहिली नाही. आणि अक्षरांच्या चित्रांबद्दल बोलायचे तर माघाच्या ‘शिशुपालवधा’चा एकोणिसावा सर्ग काढून बघावा. चित्रबंधांची ही परंपरा आपल्याकडे शतकानुशतके चालत आली. कमळाच्या पाकळ्यांवर, खड्गाच्या पात्यावर अक्षरे बसवायची कसरत कवी हौसेने करीत. मम्मटाने चित्रकाव्याला अधम म्हणून खालच्या पायरीवर बसवले, ते आपण मुकाट्याने मानले. पण जॉन्सनच्याच पिढीतला अमेरिकन कलावंत डिक हिगिन्स याने १९८७ मध्ये जगभरच्या आकार-कवितांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यात संस्कृत चित्रकाव्याला आदराने जागा दिली.

तरुण वाचक विचारतील, एवढा खटाटोप कशाला? मोबाइलवर चित्र काढा, क्षणात पोचते. पोचते खरे. पण मी पाठवलेले माझ्याकडेही राहते आणि तुमच्याकडेही येते. म्हणजे कुणी कुणाला काही दिलेच नाही. आमच्या पट्टीचे तसे नाही. ती त्याच्याकडे असते तेव्हा माझ्याकडे नसते. ती गहाळ झाली तर दोघांची गेली. हा धोका पत्करूनच मी तिच्यावर लिहितो, आणि त्यामुळे लिहिण्याआधी आठवडाभर विचार करतो.

ही कला उभी होती ती एका गोष्टीवर. स्वस्त आणि भरवशाचे टपाल शिपाई, निर्वासित, कारकून, कवी, सर्वांना सारखेच खुले होते. तो आधार आता खचतो आहे. डेन्मार्कच्या टपाल कंपनीने चारशे वर्षांची परंपरा थांबवून २०२५ च्या अखेरीस पत्रवाटप बंद केले. आपल्याकडे डिसेंबर २०२४ मध्ये रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झाले. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. खात्याला तोटा परवडत नाही हे समजते. पण ज्ञान पोस्ट काढले याचा अर्थच असा की काही वस्तूंची ने-आण नफ्यासाठी करायची नसते, हे खात्याला मान्य आहे. मग त्यात एक ओळ वाढवावी. हाताने लिहिलेले, रंगवलेले, शिवलेले पुस्तकही, पाठवणाऱ्याच्या सहीच्या हमीवर, त्याच दराने जावे. वजनाची मर्यादा ठेवा, उघडून तपासा, आमची हरकत नाही. शाळेतल्या मुलांनी दुसऱ्या गावच्या मुलांबरोबर अशी पुस्तके केली, तर वीस रुपयांत त्यांना काय मिळेल याचा हिशेब कुणी करू शकणार नाही.

स्पीड पोस्टने गेलेले ते पुस्तक दिवाळीनंतर परत आले. चौदाव्या घडीवर मित्राने पुन्हा दोन खांब आणि तार काढली होती. पण या वेळी तार सरळ नव्हती. थरथरत गेली होती, मध्येच तुटून पुन्हा जोडली होती. आम्ही फोनवर दर आठवड्याला बोलतो. "मजेत आहे रे," एवढेच तो म्हणायचा. हाताला कंप सुटल्याचे त्याने एका शब्दाने सांगितले नव्हते, कागदाने सांगितले. मी फोन केला नाही. तार जशी आली होती तशीच, तिच्या प्रत्येक चढउताराखाली, एकेक अक्षर अलगद टांगले आणि पंधरावी घडी कोरी ठेवून पुस्तक पाठवून दिले.

दोन घड्या उरल्या आहेत. सध्या पट्टी त्याच्याकडे आहे आणि मी पोस्टमनची वाट पाहतो आहे.