तीन डोंगल आणि एक लॅपटॉप

मार्च २०२३ मधला तो व्हिडिओ तुमच्याही व्हॉट्सॲपवर आला असेल. रस्ता अचानक फुगतो, फुटतो, पाण्याचा लोंढा वर उसळतो आणि स्कूटीवरून चाललेली एक बाई त्यात सापडते. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर तो आला तेव्हा खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली होती. मी लिहिलं, "हे माझं गाव आहे. यवतमाळ." मग ग्रुप एकदम शांत.

जमिनीखालची पाण्याची लाइन फुटली होती. यवतमाळकरांना त्याचं फार नवल वाटलं नाही. बेंबळा धरणाचं पाणी शहरात आणायच्या अमृत योजनेचे पाइप २०१८ मध्ये चाचणीतच फुटायला लागले होते. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला किती दिवसांनी पाणी यायचं ते इथे लिहीत नाही, पुण्यातल्या वाचकांचा विश्वास बसणार नाही. पण त्या दिवशी कॅन्टीनमध्ये आमचा एक सिनिअर जे बोलला त्यावर मात्र लिहायचंच आहे. तो म्हणाला, "अरे हे सगळं टेंडरिंग ऑनलाइन का नाही करत? पोर्टल टाका, माणूस मधून काढा, विषय संपला."

आपल्या जमातीचा हा आवडता सिद्धांत. माणूस मधून काढा.

तर मंडळी, टेंडरिंग ऑनलाइन झालंय. कधीचंच. महाराष्ट्रात तीन लाखांच्या वरच्या कामाला ई-निविदा बंधनकारक होती असाही एक काळ होऊन गेला. (तेव्हा जिल्ह्यात दोन लाख नव्व्याण्णव हजारांची कामं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवायची. एकाच रस्त्याचे चार तुकडे, चारही तीन लाखांच्या आत.) डिजिटल सही आहे, कूटबद्ध बोली आहे, उघडायची वेळ सेकंदापर्यंत ठरलेली आहे. हे सगळं मला ठाऊक आहे, कारण मी स्वतः ते भरलंय. एकदा नाही, एकाच रात्रीत तीनदा.

सांगतो.

काही दिवाळ्यांपूर्वी गावी गेलो होतो. माझा शाळेपासूनचा मित्र सिव्हिल करून गावातच राहिला. 'सुशिक्षित बेरोजगार अभियंता' अशी सरकारदरबारी एक जात आहे, त्यात त्याची नोंदणी आहे. बांधकाम खात्याच्या छोट्या कामांचे वाटे ठरलेले असतात: काही या अभियंत्यांना, काही मजूर सहकारी संस्थांना, उरलेली खुली. तर त्या रात्री त्याचा फोन आला, "लॅपटॉप घेऊन ये बे, आपलं जावा का काय ते अपडेट मागून रायलं."

गेलो. जावा दुरुस्त केलं. त्याने ड्रॉवरमधून डिजिटल सहीचं डोंगल काढलं. निविदा अपलोड झाली. मग त्याने दुसरं डोंगल काढलं. मग तिसरं.

"हे कुणाचे?"

"आपल्याच लोकायचे. सपोर्टचे."

मला खरंच कळलं नाही. मग त्याने लहान मुलाला सांगावं तसं समजावलं. पहिल्या वेळी तीन तरी निविदा आल्या नाहीत तर काम पुन्हा जाहीर होतं. त्यात महिना जातो, मार्च येतो, निधी परत जातो. म्हणून काम ज्याचं ठरलं असेल त्यानेच बाकीच्या दोघांची सोय करायची. आज मी तुझ्यासाठी, उद्या तू माझ्यासाठी. मी म्हटलं, "हे चुकीचं आहे." तो म्हणाला, "मंग मी का हौसेनं करतो का? तू पुण्यात बसून सांगतं. एकट्यानं भरून पाय एकदा."

आणि मी ते अपलोड केले. तिन्ही, माझ्याच लॅपटॉपवरून, त्याच्या घरच्या एकाच जोडणीवरून, पन्नास मिनिटांत. पहिला दर कमी, बाकी दोन थोडे वर. सोमवारी कुणीतरी कार्यालयात बसून या तीन 'स्पर्धक' निविदांचा तुलनात्मक तक्ता बनवला असेल. खालच्या सह्या अगदी नियमाप्रमाणे असतील.

आता माझा धंदा काय आहे ते ऐका, म्हणजे विनोद पूर्ण होईल. मी एका बँकेसाठी व्यवहारातली लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर लिहितो. एकाच मशीनवरून दहा मिनिटांत तीन वेगवेगळ्या खातेदारांनी लॉगिन केलं तर रात्री दोन वाजता माझा फोन वाजतो. त्या पोर्टललाही तेच दिसत होतं. फरक एवढाच की तिथे बघणारं कुणी नव्हतं, आणि बघावं असं कुणाला वाटतही नव्हतं.

हे फक्त माझ्या मित्राच्या ड्रॉवरपुरतं असतं तर मी गप्प बसलो असतो. शेजारच्या छत्तीसगडचं बघा. तिथल्या ई-निविदा व्यवस्थेबद्दलचा कॅगचा अहवाल जानेवारी २०१९ मध्ये विधानसभेत आला. १७ खात्यांच्या अधिकाऱ्यांनी निविदा अपलोड करायला वापरलेले ७४ संगणक आणि निविदा भरणाऱ्यांनी वापरलेले संगणक एकच निघाले! अशा १,९२१ निविदा, किंमत ४,६०१ कोटी. म्हणजे खरेदी करणारा आणि विकणारा एकाच कीबोर्डवर. हे कुणी जासूस लावून शोधलं नाही. सगळं लॉगमध्ये पडून होतं, लेखापरीक्षकांनी फक्त तुलना केली. आपल्या भाषेत सांगायचं तर एक 'ग्रुप बाय'.

तरी आपल्या विदर्भाचा मोठा विषय अजून आलाच नाही. २००९ मध्ये विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत सात महिन्यांत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेली. त्यातला निम्न पैनगंगा आमच्या जिल्ह्याच्या हद्दीवरचा. १९९७ मध्ये मंजूर झाला तेव्हा सुमारे १,४०० कोटींचा होता, तो १०,४०० कोटींच्या वर गेला. पुढचा घटनाक्रम तुम्हाला माहीत आहे: २०१२ मध्ये मुख्य अभियंता विजय पांढरे यांचं पत्र, तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांचा राजीनामा, श्वेतपत्रिका, चितळे समिती, लाचलुचपत खात्याच्या चौकश्या, २०१९ मधली क्लीन चिट. कोण दोषी, कोण निर्दोष यावर भांडायला दुसरे लोक समर्थ आहेत. मला त्या गुन्ह्यांच्या नोंदीतली एकच गोष्ट आठवते. गोसीखुर्दच्या कामांबद्दल एक आरोप असा होता की एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या निविदाकारांची अनामत रक्कम एकाच कंत्राटदाराच्या खात्यातून भरली गेली.

वाचून मी चक्क हसलो. हजारो कोटींचं धरण असो की आमच्या मित्राची नाली, तंत्र तेच. फक्त तिथे ड्रॉवर मोठा.

आणि नीट पाहिलंत तर सिंचनातला मोठा पैसा बोलीच्या वेळी हललाच नव्हता. तो हलला बोलीच्या आधी आणि बोलीच्या नंतर. आधी म्हणजे अंदाजपत्रक फुगवताना. नंतर म्हणजे भाववाढ, जादा काम आणि सुधारित मान्यता देताना. आपलं पोर्टल मधल्या पंधरा दिवसांवर पहारा देतं आणि पुढचं-मागचं दार सताड उघडं. शिवाय अटी आहेतच. अंगणवाड्यांच्या पोषण आहाराच्या ६,३०० कोटींच्या निविदा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केल्या, कारण अटीच अशा की छोटे महिला बचत गट दारातच अडावेत. अट लिहिणारा माणूस कुठल्या पोर्टलने मधून काढायचा, सांगा.

खरं सांगायचं तर पोर्टलने एक चांगलं काम केलं. पूर्वी निविदा पेटीपाशी चार धटिंगण उभे केले की दुसऱ्याला पेटीपर्यंत पोचताच यायचं नाही. ते संपलं. याला मी कमी लेखत नाही, माझ्या मित्राला पहिलं काम मिळालं ते त्यामुळेच. पण त्यानंतर आपण हात झटकले आणि सुधारणा झाली असं जाहीर करून टाकलं.

तीन निविदांचा नियम घ्या. उद्देश काय, तर स्पर्धा व्हावी. ज्या तालुक्यात ते काम करू शकणारी माणसंच चार आहेत, आणि चौघं एकाच टपरीवर चहा पितात, तिथे हा नियम स्पर्धा कशी आणणार? तो फक्त स्पर्धेचं नाटक सक्तीचं करतो. आपल्याकडे कव्हरेजचा आकडा गाठायला पोरं काहीही न तपासणाऱ्या टेस्ट लिहितात, तसंच. आकडा गाठला, बग तिथेच.

आणि टपरीबाहेरचा माणूस का येत नाही? इथे ते पैशांवर येतं, ज्यावर आपण शहरातले कधीच बोलत नाही. बिलं मिळत नाहीत हो. त्या कामाचं बिल माझ्या मित्राला चौदा महिन्यांनी मिळालं, तेही अर्धं. बजेटच्या कितीतरी पट कामं मंजूर करायची, भूमिपूजनं उरकायची आणि मग निधी येईल तसे तुकडे वाटायचे. कुणाला आधी, ते 'वरून' ठरणार. ज्याची वर ओळख नाही तो अशा धंद्यात कशाला पडेल? आणि जो पडेल तो चौदा महिन्यांचं व्याज दरात लावणार, नाहीतर सिमेंटमधून काढणार. जुलै २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका तरुण कंत्राटदाराने जीव दिला. जलजीवन मिशनच्या कामाचे पैसे थकले होते असं त्याच्या सोबतचे लोक म्हणाले. सरकारकडून उत्तर आलं की त्याच्या नावावर कामच नाही, तो उपकंत्राटदार होता. म्हणजे ज्याने चर खोदला, पाइप टाकला, त्याचं नाव व्यवस्थेत कुठेच नाही. पोर्टल त्याला ओळखतच नाही.

"मग उपाय काय ते बोल ना", हे तुम्ही कमेंटमध्ये लिहायच्या आधीच बोलतो :)

युक्रेनमध्ये २०१४ च्या उठावानंतर काही स्वयंसेवकांनी 'प्रोझोरो' नावाची खरेदी व्यवस्था उभी केली. २०१६ मध्ये ती सगळ्या सरकारी खरेदीला सक्तीची झाली. तिचं ब्रीद साधं आहे: सगळ्यांना सगळं दिसतं. कोण जिंकलं एवढंच नाही, हरलेल्यांच्या बोली, कागदपत्रं, करार, सगळं, आणि तेही यंत्राने वाचता येईल अशा स्वरूपात. मग पत्रकार आणि आपल्यासारखी रिकामटेकडी पोरं त्यावर प्रश्न चालवतात. तिथला भ्रष्टाचार संपला का? मुळीच नाही. पण युद्धामुळे संरक्षण खात्याची खरेदी झाकून ठेवली गेली, आणि जानेवारी २०२३ मध्ये कळलं की सैन्यासाठीची अंडी बाजारभावाच्या दुपटीहून जास्त दराने घेतली होती. जिथे झाकलं तिथेच सडलं. त्यानंतर तिथे संरक्षण खात्यालाही खरेदीचे दर उघड करणं भाग पडलं.

आपल्याकडे? तामिळनाडूत निविदा पारदर्शकतेचा कायदा १९९८ पासून आहे, कर्नाटकात १९९९ पासून, राजस्थानात २०१२ पासून. केंद्राने २०१२ मध्ये लोकसभेत विधेयक आणलं, ते २०१४ मध्ये लोकसभेबरोबरच विझलं. आणि पुरोगामी महाराष्ट्र शासन निर्णयांवर चालतो. शासन निर्णय म्हणजे काय, तर आज काढला, उद्या शुद्धिपत्रक. कायदा मोडला तर कोर्टात जाता येतं, शुद्धिपत्रकाशी काय भांडणार?

मला कायदा हवा आहे, आणि त्यात अंदाजपत्रकापासून शेवटच्या बिलापर्यंत सगळं उघड करायची सक्ती हवी आहे. कोणत्या मशीनवरून किती निविदा आल्या आणि अनामत कुठल्या खात्यातून आली याची जुळणी निविदा उघडण्याआधी आपोआप व्हावी. ज्याचं बिल आधी आलं त्याला पैसे आधी, आणि ती रांग गावातल्या कुणालाही मोबाइलवर दिसावी. उपकंत्राटदाराची नोंद व्हावी. आणि तीनचा तो नियम काढून टाका. एकच खरी निविदा आली तर ती एकच आहे असं लिहा आणि दर बाजाराशी ताडून बघा.

यात रॉकेट सायन्स कुठे आहे? आपण सगळे हेच बँकांसाठी, विमा कंपन्यांसाठी, अमेरिकेतल्या किराणा दुकानदारांसाठी रोज करतो. त्या सिनिअरला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पण यात सरकारचा काय फायदा?" प्रश्न बरोबर होता. म्हणूनच ते आपणहून होणार नाही, आणि म्हणूनच 'माणूस मधून काढा' म्हणणाऱ्यांनी जरा मध्ये यायला हवं. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, आपल्या कॅन्टीनच्या कॉफीपेक्षा स्वस्त. मी पहिला टाकला आहे: आमच्या तालुक्यातल्या पाच वर्षांच्या निविदा आणि प्रत्येक निविदेच्या अनामत रकमेचा स्रोत. उत्तर आलं की इथे टाकतो.

मित्राला सांगूनच टाकला. त्या यादीत ती रात्रही येणार, त्याची आणि माझीही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माग ना. पण अर्धं बिल बाकी हाय माह्यं, ते निघू दे आधी."