कानावर पडणारं इंग्रजीही शिकवा

मराठी शाळांत इंग्रजी बहुतेक वेळा सुटं सुटं शिकवलं जातं: 'आय अ‍ॅम', 'डू नॉट', 'विल नॉट'. मुलं ते चोख पाठ करतात. पण घरात, दुकानात, फोनवर इंग्रजी बोलणारा माणूस 'आयम', 'डोन्ट', 'वोन्ट' म्हणतो. मग दहावीला उत्तम गुण मिळवलेली मुलगी पहिल्याच परदेशी फोनवर गोंधळते. यात तिची काही चूक नाही. हे इंग्रजी तिला कुणी ऐकवलेलंच नसतं.

आखूड रूप म्हणजे आळस, हा समज जुना आहे. 'गलिव्हर'चा लेखक जोनाथन स्विफ्ट याने १७१० साली लंडनच्या 'टॅटलर' या नियतकालिकात या सवयीवर झोड उठवली. लांब शब्दाचा पहिला तुकडा ठेवून बाकीचा टाकून देणं त्याला असह्य होई. लॅटिन शब्दजोडीतून छाटलेला 'मॉब' त्याला विशेष खुपत असे. त्याच्या यादीतले 'फिझ', 'पॉझ' आज बोलण्यात उरलेले नाहीत. 'मॉब' मात्र टिकला आणि आपल्या मराठी बातम्यांतही आला. कोणता शब्द राहील हे बोलणाऱ्यांनी ठरवलं, एवढ्या मोठ्या लेखकालाही ते थोपवता आलं नाही.

शिवाय 'आयम', 'डोन्ट'सारख्या रूपांना नियम आहेत. वाक्याच्या सुरुवातीला 'आयम' चालतं. पण 'तयार आहेस का?' याला उत्तर 'येस, आय अ‍ॅम' असंच येतं, कारण तिथे जोर क्रियापदावर असतो. अमेरिकी बोलण्यात तर 'कॅन्ट'मधला 'ट' पुष्कळदा ऐकूच येत नाही. होकारातला 'कॅन' घाईत 'कन्' होतो, नकारातला 'कॅ' ठसठशीत उमटतो. म्हणजे आपल्याला स्पष्ट ऐकू आलेला 'कॅन' हा नकार असू शकतो! पैशाच्या किंवा औषधाच्या बोलण्यात ही गफलत फार महागात पडेल.

आपणही 'मी करतो आहे' असं क्वचितच म्हणतो. 'करतोय' म्हणतो, आणि ते शुद्धच मानतो.

अर्जात, करारात पूर्ण रूपंच हवीत, त्याबद्दल वाद नाही. पण इंग्रजीच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: पाचवीपासून दोन्ही रूपं शेजारी शेजारी फळ्यावर लिहा, रोज मोठ्याने म्हणून घ्या, आणि तोंडी उत्तरात कुणी 'डोन्ट' म्हटलं तर त्याचे गुण कापू नका.