मोत्याची जांभई

गेल्या भाद्रपदांत आम्ही गणपतीकरितां करमाडास आमच्या चुलत बंधूंकडे गेलों होतों. छत्रपति संभाजीनगराहून जालन्याकडे जातांना लागणारें हें गांव. घर जुनें, माणसें पुष्कळ, आणि उंबऱ्याबाहेर मोत्या नांवाचा एक वयस्क कुत्रा. झांजा वाजूं लागल्या आणि मोत्यानें जांभई दिली. मग दुसरी, तिसरी. मंत्रपुष्पापर्यंत आम्हीं सात मोजल्या. (आरतींत आमचें लक्ष कोठें होतें, हें वाचकांनीं ओळखलेंच असेल!) काकू म्हणाल्या, "मेल्याला देवासमोरहि झोंप!" सगळे हसले.

आरती आटोपतांच काकूंचा पांच वर्षांचा नातू धांवला आणि त्यानें मोत्याच्या गळ्याला मिठी मारली. मोत्यानें तोंड वळविलें, ओंठांवरून जीभ फिरविली व आठवी जांभई दिली. नववी दिली नाहीं, तो गुरगुरला. बंधूंनीं मुलास चटकन् उचललें म्हणून निभावलें.

जांभई म्हणजे झोंप किंवा आळस, हें कुत्र्याच्या बाबतींत अर्धेंच खरें आहे. निजतां-उठतांना तो आपल्यासारखीच जांभई देतो. परंतु कर्कश आवाज, पाहुण्यांची गर्दी, पशुवैद्याचें टेबल, धन्याचा चढलेला स्वर, अशा प्रसंगींहि तो जांभई देतो, आणि ती मनावरच्या ताणाची असते. एकट्या जांभईवरून मात्र निदान करूं नये. कान मागें पडले आहेत काय, डोळ्यांचें पांढरें दिसतें काय, शेपूट पोटाखालीं गेलें आहे काय, हें पाहावें. तसें असेल तर त्याला मोकळी वाट द्यावी आणि मुलांस दूर घ्यावें. गुरगुरल्याबद्दल त्याला मारणें तर सर्वस्वी चूक. गुरगुरणें बंद झालें कीं इशारा गेला, दांत तेवढे राहिले.

दुसरी एक जांभई मौजेची आहे. लंडनच्या बर्कबेक कॉलेजांतील संशोधकांनीं २००८ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी मनुष्यानें समोर बसून जांभया दिल्या, तेव्हां २९ कुत्र्यांपैकीं २१ कुत्र्यांनींहि दिल्या. त्यानें नुसतें तोंड उघडमीट केलें, तेव्हां एकानेंहि नाहीं. पुढें २०१३ सालीं जपानांतील प्रयोगांत धन्याची जांभई परक्याच्या जांभईपेक्षां अधिक लागते असें दिसलें. श्वानप्रेमी मंडळी हर्षित झाली! पण २०२० सालीं अनेक प्रयोगांतील आंकडे एकत्र तपासले, तेव्हां जांभई लागते हें टिकलें, धन्यावरील विशेष प्रेमाचा पुरावा टिकला नाहीं.

याहून निराळी गोष्ट आजाराची. कुत्रा वारंवार तोंड वासतो, खाणें टाकतो, लाळ गाळतो, असें दिसल्यास दांत, जबडा किंवा पोट दुखत असेल, पशुवैद्यास दाखवावें. आणि जबडा लोंबून तोंड मिटतच नसेल, गिळतां येत नसेल, तर घशांत हाड अडकलें असें समजून हात मुळींच घालूं नये. पिसाळण्याच्या रोगांत, म्हणजे रेबीजमध्यें, जबडा असाच लुळा पडतो, व लाळेंतूनच तो रोग माणसास होतो. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी, हळद-चुना कांहीं लावूं नये, आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी. लक्षणें दिसूं लागल्यावर रोगी वांचणें जवळजवळ अशक्यच.

दुसऱ्या दिवशीं आरतीपूर्वीं बंधूंनीं मोत्यास मागच्या पडवींत नेलें व दार लोटून घेतलें. आरतीनंतर काकू भाकरी घेऊन स्वतःच तिकडे गेल्या. दिवसभराच्या स्वयंपाकानें शिणल्या होत्या. त्यांनाच जांभई आली आणि त्यांनीं संवयीनें चुटकी वाजविली. मोत्यानें मान वर करून पाहिलें, आणि सावकाश, तोंड भरून एक जांभई दिली. ही कोणत्या जातीची, असें काकूंनीं आम्हांस विचारलें. आम्हांस सांगतां आलें नाहीं.